नजरेचा गुण

गुणमास्तरांनी आयुष्यात एकाच माणसावर अन्याय केला, आणि तोसुद्धा लोकांनी आपल्याला न्यायी म्हणावं म्हणून. असली माणसं वाईट नसतात, हीच तर पंचाईत. वाईट माणसाला निदान चार शिव्या हासडून मोकळं होता येतं.

त्यांचं काम तसं साधं. दर वर्षी आपल्या देशाचा संघ आणि परदेशातून आलेला पाहुण्यांचा संघ पूलच्या टेबलावर, काठीने चेंडू कडेच्या खिशांत घालायच्या खेळात, चार दिवस भिडायचे. इकडचे पाच, तिकडचे पाच. जो संघ आधी अकरा सामने जिंकेल, चषक त्याचा. प्रेक्षक चषकाकडे बघत, पंच चेंडूंकडे, आणि मास्तर आपल्या पाच खेळाडूंच्या हातांकडे. टेबलाच्या डाव्या अंगाला उंच पायांची एक खुर्ची असे. तिच्यावर बसून, मांडीवर फळी ठेवून ते एकेक फटका तक्त्यात चढवत. चेंडू खिशात गेला की चुकला, सोपा होता की अवघड, पांढरा चेंडू पुढच्या फटक्यासाठी नीट थांबला की भरकटला. चहा प्यायलाही मान वर करत नसत; कप त्यांच्या हाताला शोधत यायचा.

या खेळात काठीने पांढरा चेंडू मारायचा आणि तो आधी सर्वांत लहान नंबराच्या चेंडूलाच लागला पाहिजे; त्यात एक युक्ती आहे. कुठलाच चेंडू घालता येण्यासारखा नसला, की खेळाडू पांढरा चेंडू दुसऱ्या एखाद्या चेंडूमागे दडवून ठेवतो. पुढच्याने बसावं डोकं खाजवत. याला सेफ्टी म्हणतात. अडचणीत सापडलेल्याने ती खेळली तर मास्तर शाबासकी देत. पण सोपा चेंडू समोर असताना जो लपाछपी करेल त्याचे गुण ते निष्ठुरपणे कापत. "भित्र्याला माझ्याकडे गुण नाहीत," असं म्हणत, आणि म्हणताना स्वतःवरच खूश होत.

चौथ्या दिवशी बेरीज. दहापैकी नऊ गुण तक्त्यातून, निव्वळ हिशेबाने. उरलेला एक म्हणजे 'नजरेचा गुण'. दडपणाखाली खेळाडूचा हात कापतो का, हरत असताना मान कशी असते, अंगात धमक आहे की नुसतीच सफाई, हे सगळं बघून शून्य ते एकच्या मधलं काहीतरी मास्तरांनी आपल्या मनाने द्यायचं. बहुतेकांना अर्धा-पाऊण मिळे. कप्तान खरोखरच वाघ होता, त्याला पाऊणच्याही वर. मग पाचही जणांचे बेरजेचे आकडे एका चिठ्ठीवर लिहून मास्तर महासंघाच्या चिटणिसांकडे पाठवत आणि तक्ते कपाटात जात. कपाटातले तक्ते पुन्हा कुणी काढले, असं कधी झालं नव्हतं. सहा स्पर्धा झाल्या की चिटणीस प्रत्येकाची सरासरी काढत. ती सहाच्या खाली गेली की खेळाडूचं नाव संघातून कायमचं कटलं.

यात गोची एकच होती. पाचांपैकी एक खेळाडू मास्तरांची पोटची मुलगी होती.

तिला सगळे बारकी म्हणत. उंचीला इतकी कमी की टेबलाच्या मधला चेंडू मारायला एक पाय हवेत उचलून जवळजवळ पोटावर झोपावं लागे. आठव्या वर्षी पालथ्या खोक्यावर उभी राहून तिने पहिला चेंडू घातला होता आणि विसाव्या वर्षी ती संघात आली, ती कुणाच्या वशिल्याने नव्हे तर निवड सामन्यांत नऊ जणांना धूळ चारून. त्याच दिवशी मास्तर चिटणिसांकडे राजीनामा घेऊन गेले. म्हणाले, "पेपर लिहिणारी आणि पेपर तपासणारा एका घरात नकोत."

चिटणीस हसले. "मास्तर, तुमच्यासारखी नजर दुसऱ्या कुणाची आहे ते सांगा, आत्ता त्याला खुर्ची देतो. आणि तुम्ही पक्षपात करणार? सूर्य पश्चिमेला उगवेल."

मास्तर विरघळले. स्तुती ऐकून खुर्चीत परत बसणारे ते काही पहिले नव्हते. पण लोकांच्या तोंडाला कोण झाकण लावणार? पहिल्याच आठवड्यात हॉलमध्ये कुणीतरी बोललं, बापाच्या खुर्चीच्या सावलीत मुलगी निवांत. ते मास्तरांच्या कानावर आलं आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी त्यांनी मनाशी दोन नियम केले. पहिला, हिशेबाचे नऊ गुण हिशेबाचे. पण नजरेचा गुण माझ्या हातातला, तो बारकीला द्यायचा नाही. कधीच नाही. शून्य. दुसरा, घरात गुणांचं बोलायचं नाही. तिला महासंघाकडून दर वर्षी स्वतःच्या गुणांची चिठ्ठी येई, ती मास्तरांनी बघायची नाही. मास्तरांचा तक्ता तिने बघायचा नाही.

दुसरा नियम घरात सगळ्यांना माहीत होता. पहिला त्यांनी फक्त बायकोला सांगितला, आणि सांगताना जरा छाती फुगवली होती. ती म्हणाली, "स्वतःच्या लेकीच्या ताटातला घास काढायचा आणि मी किती सज्जन म्हणून गावभर मिरवायचं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!"

"तिला काही फरक पडत नाही गं. एका गुणाने काय होतंय? ती केवढी वर आहे."

आणि त्या वर्षी खरंच होती. ती समोरच्या कठड्याला आपटून चेंडू उलट्या खिशात घालायची, तेव्हा माणसं खुर्च्यांवरून उठायची. मास्तर मात्र मान खाली घालून लिहीत बसायचे. लिहून झालं की नजरेच्या चौकोनात गोल गरगरीत शून्य काढायचे, आणि त्या शून्याने आत कुठेतरी जे टोचायचं त्यालाच ते सचोटी समजायचे.

सहा वर्षं गेली. बारकीचा खेळ दर वर्षी जरा जपून होत गेला. मास्तरांच्या ते लक्षात यायचं, तक्ताच सांगायचा. पण विचारणार कसं? घरात गुणांचं बोलायचं नाही.

यंदाच्या चौथ्या दिवशी दुपारी पाहुणे दहा आणि आपण नऊ असा मामला आला. पाहुण्यांना एक सामना हवा होता. आपल्याकडून टेबलावर बारकी उतरली. समोरचा खेळाडू चांगला ताडमाड, न वाकताच पलीकडच्या कोपऱ्यात पोचणारा. आधी पाच डाव जिंकेल त्याचा सामना. तीन-चार अशी बारकी मागे होती आणि आठव्या डावात तिच्यासमोर दोन नंबरचा चेंडू आला, कोपऱ्यातल्या खिशासमोर, सरळ रेषेत. हॉलमधल्या कुणाही चहावाल्याने घातला असता.

बारकी वाकली. उठली. काठीच्या टोकाला खडू लावला. पुन्हा वाकली, पुन्हा उठली. हॉलभर एक चुळबुळ गेली. मग तिने अगदी नाजूक हाताने दोनला बाजूने स्पर्श केला आणि पांढरा चेंडू पाच नंबरच्या मागे नेऊन ठेवला.

"अगं मार ना!" मागून कुणीतरी ओरडलं आणि लोकांनी त्याला गप्प केलं.

मास्तरांनी लिहिलं: सोपा. सेफ्टी. वजा. चार दिवसांतली ही चौदावी वेळ होती. ताडमाड पाहुण्याने कठड्यावरून वळसा घालून दोन गाठला, घातला, आणि मग झाडू मारावा तसं टेबल साफ करत गेला. सामना गेला, चषक गेला. बारकीने त्याचा हात हातात घेतला, कप्तानाने पाठीवर ठेवलेला हात न जाणवल्यासारखं केलं आणि काठीचे दोन भाग सुटे करून पिशवीत घातले. वडिलांच्या खुर्चीकडे तिने बघितलं नाही. तशी ती कधीच बघत नसे.

मास्तरांनी बेरीज केली. चार पॉइंट सहा. मग नजरेचा चौकोन आला, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांचं पेन थबकलं. दर वर्षी शून्य काढताना हातातलं काहीतरी मुठीत दाबून धरल्यासारखं वाटायचं. आज मूठच रिकामी होती. त्यांनी शून्य काढलं आणि काहीही टोचलं नाही. याची त्यांना भीती वाटली. मग त्यांनी मागच्या पाच वर्षांचे आकडे मनात मांडले, ते पाठच होते, आणि भागाकार केला. सरासरी सहा पॉइंट चार. चला, पोरगी वाचली, असं म्हणून त्यांनी फळी मिटली. खेळ काय, सुधारेल. चक्र नव्याने सुरू होईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला महासंघाची यादी आली. मास्तर आंघोळ करून बाहेर आले तर बायको मोबाइल हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी.

"चारच नावं आहेत," ती म्हणाली.

"पाचवं खाली असेल. नीट बघ."

"मला वाचता येतं हो. बारकी नाही. तिने मघाशीच बघितली आणि काठी घेऊन हॉलवर गेली. चहासुद्धा घेतला नाही." मग ती आवाज चढवून म्हणाली, "तो एक गुण दिला असता तर काय तुमचं राज्य बुडत होतं का?"

"गुणाचा प्रश्न नाही गं. तो न देताही ती वर आहे. कुणीतरी भागाकार चुकवलाय. मी आत्ता जाऊन येतो." शर्टाची बटणं लावताना त्यांचं एक बटण वरच्या काजात गेलं, पण ते सांगायची हिंमत बायकोला झाली नाही.

चिटणिसांची कचेरी हॉलच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. एक टेबल, एक कपाट, भिंतीवर जुन्या संघांचे फोटो. चिटणीस मास्तरांच्या वयाचेच. त्यांनी मास्तरांना बघितलं आणि समोरची खुर्ची स्वतः उठून पुढे केली.

"या मास्तर. तुम्ही येणार हे ठाऊक होतं. वाईट वाटलं हो मला."

"वाईट नंतर वाटून घेऊ. हिशेब चुकलाय. माझ्या सहा चिठ्ठ्यांची सरासरी सहा पॉइंट चार येते. चार वेळा करून बघितली."

चिटणिसांनी खणातून वही काढली, पान उघडलं आणि वही फिरवून मास्तरांपुढे सरकवली. बारकीच्या नावासमोर सहा आकडे होते. सहा पॉइंट सहा, सहा पॉइंट एक, पाच पॉइंट आठ, पाच पॉइंट चार, चार पॉइंट नऊ, तीन पॉइंट सहा.

"हे माझे आकडे नाहीत."

"नाहीत," चिटणीस म्हणाले. "प्रत्येकात एक कमी केलाय. मी केलाय."

"का?"

"का काय, मास्तर? नजरेचा गुण तुमच्या हातातला, आणि तुम्ही बाप. कुठला बाप पोटच्या पोरीला पूर्ण एक देणार नाही? मी म्हटलं, बोलून तुम्हाला कशाला दुखवायचं. तुम्ही माया करा, मी चढवताना तेवढा काढून टाकतो. तुमचंही मन राहिलं, महासंघाचीही अब्रू राहिली. तिच्या चिठ्ठ्याही या वहीवरूनच गेल्या." ते जरा थांबून म्हणाले, "मला वाटलं, तुम्हाला अंदाज असेल. तुम्ही कधी विचारलं नाहीत."

मास्तरांना हसू फुटलं. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले. चिटणीस घाबरून पाणी आणायला उठले तेव्हा मास्तरांनी त्यांचा हात धरला.

"मी शून्य देत होतो हो."

"म्हणजे?"

"सहा वर्षं. नजरेचा गुण, शून्य. लोकांनी बोलू नये म्हणून. तक्ते काढा, कपाट उघडा."

कपाटात शोधायला वेळ लागला, कारण जुने तक्ते कधी लागलेच नव्हते. चिटणिसांनी सहा तक्ते टेबलावर पसरले. सगळ्यांच्या शेवटच्या चौकोनात तेच गोल शून्य, मन लावून काढलेलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. इथे दांडे दोन होते आणि दोघेही एकमेकांच्या नकळत एकाच रोपावर पडत होते. एकाने दिलंच नव्हतं, दुसऱ्याने न दिलेलं परत घेतलं होतं. आणि दोघांनाही सहा वर्षं शांत झोप लागली होती.

चिटणिसांनी सहाही तक्ते एकावर एक नीट रचले. माणूस वाईट नव्हता तोही. मग त्यांनी खणातून एक छापील कागद काढला.

"हा फेरतपासणीचा अर्ज. यादी आज बारापर्यंत कच्ची आहे. खेळाडूने स्वतः सही करून अर्ज दिला की मला आकडे दुरुस्त करता येतात. तुमच्या चिठ्ठीचे आकडे जसेच्या तसे लावतो. ती आत येते. माझी चूक मी लेखी देतो, नोकरी गेली तर गेली." मग डोळे वर न करता म्हणाले, "पण मास्तर, कारण लिहावं लागतं. तिला सगळं सांगावं लागेल. माझंही आणि तुमचंही."

मास्तर जिना उतरले ते जवळजवळ धावतच. लाज वाटत होती, पण तिच्याहून मोठी आशा वाटत होती. चूक सापडली की दुरुस्त होते, असं त्यांना आजवरच्या आयुष्याने शिकवलं होतं. खोडायचं, शेजारी खरा आकडा लिहायचा, बाजूला सही करायची.

हॉल रिकामा होता. पाहुण्यांचे झेंडे काढून कोपऱ्यात गुंडाळून ठेवले होते. मधल्या टेबलावरचा एकच दिवा चालू होता आणि बारकी मऊ ब्रशने टेबलाचं हिरवं कापड झाडत होती, एका दिशेने, हळूहळू.

मास्तरांनी तिला सगळं सांगितलं. उभ्यानेच, काही न गाळता. आपलं शून्य, चिटणिसांचा वजा एक, वही, कपाट, अर्ज. बारकी ऐकत राहिली. ब्रश तेवढा थांबला.

"पहिल्या वर्षी खरे किती होते?" तिने विचारलं.

"चिठ्ठीवर मी सात पॉइंट सहा लिहिले. नजरेचा द्यायचा तसा दिला असता तर आठ पॉइंट चार."

"आठ पॉइंट चार." ती स्वतःशी म्हणाली. "माझ्याकडे सहा पॉइंट सहाची चिठ्ठी आली, बाबा. काठावर. त्या वर्षी मी कठड्यावरून उलटे फटके मारायचे, आठवतंय? लोक उठून उभे राहायचे. चिठ्ठी बघितली आणि म्हटलं, लोकांचं काय, लोकांना काय कळतंय. बाबांच्या नजरेला पटलेलं नाही. ते फटके सोडून दिले. पुढच्या वर्षी आणखी कमी आले. म्हटलं, डाव फोडताना ब्रेक फार जोरात करते, म्हणून असेल. तो बदलला. मग लांबचे चेंडू सोडले. दर वर्षी काहीतरी सोडत गेले, आणि दर वर्षी कमीच येत गेले."

"मला एकदा विचारायचंस गं!"

"घरात गुणांचं बोलायचं नाही," बारकी म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता; असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं. "आणि विचारायचं काय? सगळं जग खोटं बोलेल, बाबा नाही बोलणार, एवढं एकच तर मला पक्कं माहीत होतं."

मास्तरांनी टेबलाच्या कडेचा आधार घेतला. "चुकलो मी, बारके. फार चुकलो. पण हे बघ, अजून बारा वाजले नाहीत. एक सही कर. सगळं जागच्या जागी येईल."

तिने अर्ज घेतला, दिव्याखाली धरून पूर्ण वाचला. पेनही घेतलं. मग थांबली.

"आणि यंदाचे? यंदाचे खरे किती?"

"चार पॉइंट सहा."

"ते हिशेबाचे. नजरेचा खरा किती होता? आता लपवू नका."

अर्धा म्हणायला काय जात होतं? पाव म्हटलं असतं तरी चाललं असतं. मास्तरांच्या ओठांवर आलंही. पण तिने त्यांच्याकडे सरळ बघितलं, सहा वर्षांत बघितलं नव्हतं तसं, आणि त्या नजरेपुढे आणखी एक खोटा आकडा त्यांच्याने लिहवेना.

"शून्य," ते म्हणाले.

"म्हणजे यंदा तुम्ही काही कापलंच नाहीत."

"नाही."

बारकीने मान हलवली. अर्ज आणि पेन टेबलाच्या कडेवर ठेवलं आणि पिशवीतून काठी काढून जोडायला लागली. "मांडा नऊ चेंडू," ती म्हणाली. "एक डाव खेळते. पूर्वीसारखी खेळले तर सही करते."

"हा काय वेडेपणा? आधी सही कर, मग दिवसभर खेळ."

"सही करून पुढची सहा वर्षं तिथे उभं राहायचंय ते मला, बाबा. मांडा."

मास्तरांनी चेंडू मांडले. मांडणी चोख झाली. ते खुर्चीत बसले नाहीत. पार लांब, भिंतीला टेकून उभे राहिले आणि हात पाठीमागे घेतले, म्हणजे तिला दिसावं की हातात फळी नाही, पेन नाही, काही नाही. बारकीने ब्रेक केला. जुना ब्रेक, जोराचा. आवाज रिकाम्या हॉलमध्ये घुमला आणि दोन चेंडू आपोआप खिशात गेले. एक नंबर लांब होता, कठड्याला लागून. एक पाय उचलून, पोटावर झोपून तिने तो घातला, आणि पांढरा चेंडू हवा तिथे येऊन थांबला. आता दोन. मधल्या खिशासमोर, हातभर अंतरावर. चुकायला जागाच नव्हती.

घाल गं, मास्तर मनात म्हणाले. घाल. त्यांनी देवाकडे काही मागितल्याला वर्षं झाली होती, ते त्यांनी आता मागितलं.

बारकी वाकली. काठी मागे गेली, कोपर सुरेख वळलं, तेच विसाव्या वर्षीचं कोपर. पुढे येता येता हात ढिला पडला. पांढरा चेंडू दोनला हळूच चाटून गेला, कठड्याला टेकला आणि सरकत सरकत सातच्या मागे जाऊन बसला. इतकी नेमकी सेफ्टी की चार दिवसांत कुणाला साधली नसती. समोर प्रतिस्पर्धी नव्हता. लपायचं कुणापासून, असं विचारायलाही कुणी नव्हतं.

ती तशीच वाकलेली राहिली. मग सावकाश सरळ झाली.

"बघितलंत?" ती म्हणाली. "मला मारायचा होता, बाबा. शप्पथ, मारायचाच होता. हातच गेला नाही."

"थकलीयस तू. एका डावाने काही ठरत नसतं. उद्या पुन्हा..." मास्तर बोलत राहिले, आणि आपण काय बोलतोय ते त्यांचं त्यांनाच ऐकू येईना.

बारकीने काठी टेबलावर आडवी ठेवली. अर्जाच्या चार घड्या घालून तो पेनासकट त्यांच्या शर्टाच्या खिशात सारला आणि वरून तळव्याने नीट बसवला, लहानपणी ते तिचा रुमाल बसवून देत तसा.

"चिटणिसांना सांगा," ती म्हणाली, "यादी बरोबर आहे."

जिन्यावर मास्तर दोनदा थांबले. पेन जवळ होतं. तिची सही त्यांना डोळे मिटून करता आली असती, आणि चिटणिसांनी कागदाकडे बघितलंही नसतं. बाराला दहा मिनिटं असताना ते वर पोचले, कोरा अर्ज टेबलावर ठेवला आणि तिने सांगितलं होतं तसंच सांगितलं.